पीडी लॉरासाठी योग्य ऑइल: लिक्वी मोली टॉप टेक ४१००, ५डब्ल्यू-४०

ज्यांच्याकडे स्कोडाची १.९ टीडीआय लॉरा, त्याच इंजिनाची फोक्सवॅगन जेट्टा किंवा स्कोडाची १.४ टीडीआय फॅबिया अजून चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ही सगळी 'पीडी', म्हणजे पंप आणि इंजेक्टर एकत्र असलेली डिझेल इंजिनं. आपल्या गाडीत नेमकं कुठलं ऑइल पडतंय ते आजच बघा. बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल' असं लिहिलं असेल तर गॅरेजला फोन करा आणि डब्यावरचा मागचा मजकूर वाचून दाखवायला सांगा. मी हे ऑइल आता बरीच वर्षं वापरतेय आणि त्यावर समाधानी आहे. पण ते का घ्यावं लागलं, हे सांगितल्याशिवाय नुसतं 'छान आहे' म्हणण्यात अर्थ नाही.

गाडी आप्पांनी २००८ साली घेतलेली. ही लॉरा आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. १८९६ सीसी, १०५ पीएस, २५० एनएम. आंबा घाट तिसऱ्या गिअरवर निवांत चढते. आप्पांनी गाडी चालवायची सोडली तेव्हा ती माझ्याकडे आली. मी कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, त्यामुळे रोज कोल्हापूर-कागल, आणि महिन्यातून कधी रत्नागिरी, कधी पुणे.

वॉरंटी संपली, नंतर कंपनीचं सर्व्हिस सेंटर गैरसोयीचं झालं, तशी गाडी एका मल्टिब्रँड वर्कशॉपला जायला लागली. नाव लिहीत नाही. चकाचक जागा, एसी वेटिंग रूम, वेळेवर डिलिव्हरी, धुऊनपुसून गाडी हातात. आप्पा खूश होते. बिलावर एक ओळ असायची: 'इंजिन ऑइल ४.५ लि.' कंपनी नाही, ग्रेड नाही.

मग सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक यायला लागली. पीडी इंजिनाचा आवाज मुळातच खडखडीत असतो, पण त्या आवाजाला एक ताल असतो. ही टिकटिक वेगळी होती. आधी गरम झाल्यावर जायची, पुढे गरम झाल्यावरही राहायला लागली. पिकअप थोडा मेल्यासारखा झाला. वर्कशॉपवाल्यांनी इंजेक्टर क्लीनरची बाटली डिझेलमध्ये ओतली आणि एअर फिल्टर बदलला. मी ऑइलचं विचारलं तेव्हा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने मला मागे नेऊन बॅरल दाखवलं. १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस. "मॅडम, सगळ्या डिझेलला हेच टाकतो. ट्रकला चालतं, तुमच्या कारला काय होतंय?"

त्या बॅरलमधलं ऑइल खोटं नव्हतं की भेसळीचं नव्हतं. सीआय-४ हा ट्रक-बसच्या डिझेल इंजिनांसाठीचा दर्जा आहे, २००२ साली आलेला, आणि तिथे तो उत्तम काम करतो. बोलेरो पिकअपमध्ये तेच ऑइल घालून लोक लाखो किलोमीटर चालवतात. प्रश्न ऑइल चांगलं की वाईट हा नव्हताच. ते या इंजिनासाठी नव्हतं.

पीडी इंजिनात वेगळं काय, ते थोडं सविस्तर सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. साध्या डिझेल गाडीत एक पंप असतो, तो डिझेल दाबाखाली इंजेक्टरला पुरवतो. पीडीत तसा पंपच नाही. दर सिलिंडरवर पंप आणि इंजेक्टर एकाच नगात बसवलाय आणि त्याला दाबायचं काम कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, करतो. दाब किती? सुमारे २०५० बारपर्यंत. आपल्या टायरात सव्वादोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. म्हणजे याच्या कॅमशाफ्टवर व्हॉल्व्हचे आठ लोब (उंचवटे) असतातच, वर इंजेक्टर दाबणारे आणखी चार. तेवढ्याच लांबीच्या दांड्यावर बारा लोब बसवायचे म्हटल्यावर व्हॉल्व्हचे लोब अरुंद करावे लागले. इंजेक्टरच्या लोबवर निदान रोलर फिरतो. व्हॉल्व्हचा लोब मात्र सपाट टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या टोपीवर, घासत जातो. अरुंद लोब, सपाट टॅपेट, मध्ये ऑइलचा एक पापुद्रा. तो पापुद्रा टिकला नाही तर लोखंड लोखंडाला खातं.

हे इंजिन फोक्सवॅगनचं, स्कोडा त्यांच्याच समूहातली. त्यांना हे माहीत होतं. १९९८ साली पसाटमध्ये पीडी आणली तेव्हापासूनच्या या इंजिनांसाठी त्यांनी ऑइलचा वेगळा नंबर ठेवला: ५०५ ०१. त्या नंबरसाठी ऑइलला पीडी इंजिनात चालवून कॅम आणि टॅपेटची झीज मोजली जाते. पास झालं तरच नंबर मिळतो. लॉराच्या मॅन्युअलमध्येही हाच नंबर आहे. नुसतं '५डब्ल्यू-४०' नाही.

कोल्हापुरात आणखी एक घोळ होतो. २००१ साली आपल्याकडे ऑक्टेव्हिया आली, तिच्यावरही '१.९ टीडीआय' असंच लिहिलेलं. पण ती ९० पीएसची, फिरत्या पंपाची. तिला ५०५ ०१ लागत नाही. अनेक मेकॅनिकांचा हात त्याच ऑक्टेव्हियावर बसलेला. मागच्या डिकीवर तीच अक्षरं दिसली की तेच ऑइल. इंजिन बाहेरून सारखं दिसतं, सीसी सारखे, आत मात्र कॅमवरचा भार पूर्ण निराळा.

शेवटी गाडी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे नेली. छोटं गॅरेज, बाजूलाच लेथ, रस्त्यावर डांबर कमी आणि बर (लोखंडाचा कीस) जास्त. तिथली ती दुपार मला स्पष्ट आठवते. मिस्त्रींनी इंजिन सुरू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाला लावली. मग इंजिन बंद केलं आणि आधी ऑइल फिल्टर काढला. या गाडीत फिल्टर म्हणजे कागदी नळकांडं, इंजिनाच्या वरच्या बाजूच्या घरात बसलेलं. खाली झोपावं लागत नाही. त्यांनी चाकूने कागदाच्या घड्या कापल्या, एकेक उलगडून उन्हात धरली आणि एक चुंबक कागदावरून हळू फिरवला. चुंबकाला करडी लव चिकटली. बोटाने चोळली तर चमचमायला लागली. "वैनी, कॅम खाल्लाय," एवढंच म्हणाले. टॅपेट कव्हर अजून उघडलंही नव्हतं.

उघडल्यावर मी स्वतः बघितलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक लोब शेंड्याला चपटा झाला होता आणि त्याच्या कडेला धार आली होती, नख अडकेल इतकी. त्याखालचं टॅपेट बाहेर काढलं तर वरचा तुकतुकीत सपाट भाग बशीसारखा खोलगट. शेजारचं टॅपेट बरं होतं आणि त्यावर बारीक गोल गोल रेषा होत्या. मिस्त्रींनी मला दोन्ही शेजारी धरून दाखवले. टॅपेट चालता चालता स्वतःभोवती फिरत राहिलं पाहिजे, म्हणून त्यावर गोल खुणा पडतात. झीज एकदा सुरू झाली की ते फिरायचं थांबतं, एकाच जागी मार खातं, आणि मग सगळं फार वेगाने संपतं. खराब टॅपेटवर सरळ एका दिशेचे ओरखडे होते.

कॅमशाफ्ट मी कारखान्यात नेऊन मायक्रोमीटरने मोजला. सगळ्यात वाईट लोब चांगल्या लोबपेक्षा एक मिलिमीटरहून जास्त बसला होता. बाकीचे दोन सुरुवातीच्या वाटेवर. व्हॉल्व्ह तेवढा कमी उघडतो, हवा कमी मिळते, पिकअप जातो. इंजेक्टर क्लीनरने यातलं काय दुरुस्त होणार होतं?

इथे एक गोष्ट मिस्त्रींनीच सांगितली आणि ती मी लपवणार नाही. पीडीचा कॅम योग्य ऑइलवरही कधी कधी झिजतो. ही या इंजिनाची नाजूक जागाच आहे. त्यामुळे झालेल्या झिजेतली किती त्या बॅरलची आणि किती वयाची, हे कुणी काटेकोर सांगू शकणार नाही. पण जिथे मुळात जागा नाजूक, तिथे न तपासलेलं ऑइल वर्षानुवर्षं घालायचं, आणि तेही ग्राहकाला न सांगता, हे मला आजही पटत नाही. गाडी आपली असते, मॅन्युअलमध्ये नंबर छापलेला असतो, आणि पैसे आपण पूर्ण मोजतो.

कामाचा खर्च मोठा झाला: नवा कॅमशाफ्ट, सगळे टॅपेट, कॅमच्या बेअरिंगच्या वाट्या, इंजेक्टर दाबणाऱ्या रॉकरच्या शाफ्टचे नवे बोल्ट (ते एकदा सोडले की परत वापरायचे नसतात), आणि बेल्ट काढलाच आहे तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंपही. पंप-इंजेक्टरचं सेटिंग डायल गेज लावूनच करावं लागतं. लोबचा शेंडा नेमका रॉकरवर आला की स्क्रू ठराविक कोनात मागे घ्यायचा. हे अंदाजाने करणाऱ्याकडे पीडी देऊ नका. मिस्त्रींनी प्रत्येक सिलिंडरला गेज लावला आणि मला काट्याकडे बघत उभं राहायला सांगितलं. त्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे. नाव-पत्ता छापू नको म्हणाले, आहे तेवढं काम हाताला पुरतं, म्हणून देत नाही.

आता ऑइल. मिस्त्रींनी कंपनी सांगितली नाही. कागदावर '५०५ ०१' लिहून दिलं आणि म्हणाले, हा आकडा डब्याच्या मागे असेल ते कुठलंही आणा. मी दोन-तीन डब्यांची मागची बाजू वाचली आणि जर्मनीच्या उल्म शहरातल्या लिक्वी मोलीचं टॉप टेक ४१०० घेतलं. पुढे ५डब्ल्यू-४०, मागे एसीईए सी३ (युरोपातल्या गाडीकंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) आणि फोक्सवॅगनच्या ओळीत ५०५ ०१. तेव्हापासून दरवर्षी तेच.

दुकानात हा अनुभव तुम्हालाही येईल: शेजारी शेजारी दोन डबे, दोन्ही ५डब्ल्यू-४०, दोन्ही सिंथेटिक, दोन्ही नामांकित कंपनीचे. एकाच्या मागे ५०२ आणि ५०५ आहे, दुसऱ्याच्या मागे ५०५ ०१. दुकानदार म्हणतो दोन्ही एकच. एकच नाहीत. ५डब्ल्यू-४० हा फक्त जाडीचा आकडा. '४०' म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये आहे, एवढंच. ते कॅमला वाचवेल का, काजळी पेलेल का, राख किती सोडेल, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. '५०५' आणि '५०५ ०१' यात शेवटच्या दोन आकड्यांचा फरक दिसतो, पण त्या दोन आकड्यांत पीडीच्या कॅमची चाचणी आहे.

माझ्या ओळखीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या दादांनी मुद्दा काढला की ट्रकच्या ऑइलमध्ये झीज रोखणारं झिंकचं रसायन उलट जास्त असतं, मग ते जास्त चांगलं नको का? प्रमाणाबद्दल ते बरोबर आहेत. सी३ ऑइलमध्ये राख कमी ठेवायची म्हणून फॉस्फरस ०.०७ ते ०.०९ टक्क्यांच्या मर्यादेत असतो, जुन्या ट्रक ऑइलमध्ये साधारण त्याहून वर. पण आमच्या फाउंड्रीत भट्टीतल्या रसाचं रसायन बरोबर आलं म्हणून कास्टिंग पास होत नाही. टेस्ट बार, म्हणजे त्याच रसाचा नमुन्याचा दांडा, मशीनवर तुटेपर्यंत ओढून बघतो तेव्हा कळतं. ५०५ ०१ म्हणजे तो ओढून बघितलेला बार. ट्रकच्या ऑइलची ट्रकच्या इंजिनात चाचणी झालेली असते, पीडीच्या कॅमवर नाही.

दुसरा मुद्दा सगळेच काढतात: आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग ५डब्ल्यू कशाला? हा मुद्दा अर्धा खरा आहे. १५डब्ल्यूची गोठवणारी चाचणी उणे २० अंशांला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. कोल्हापुरात ते कधीच येणार नाही. पण इंजिन रात्रभर उभं राहून सकाळी सुरू होतं तेव्हा ते १०० अंशांवर नसतं. ४० अंशांला साधारण १५डब्ल्यू-४० ची जाडी शंभराच्या वर जाते आणि ५डब्ल्यू-४० ची ऐंशी-नव्वदच्या आसपास राहते. सकाळच्या पंधरा-वीस अंशांना तो फरक आणखी वाढतो. ऑइल चेंबरमधून वर कॅमपर्यंत पोचायला लागणारा वेळ म्हणजे कॅमचा कोरडा वेळ. डिसेंबरात पन्हाळ्यावर बहिणीकडे मुक्काम असला की हे कानाला कळतं. आधी सकाळी टॅपेट बराच वेळ वाजत राहायचे. आता चावी फिरवल्यावर क्षणभर आवाज येतो आणि बसतो. तरी ५डब्ल्यूसाठी मी हे ऑइल घेतलं नाही. उद्या कुणी १०डब्ल्यू-४० मध्ये ५०५ ०१ चं खरं अप्रूव्हल दाखवलं तर आपल्या हवेत तेही मला चालेल.

वापरताना काय जाणवलं ते सांगते. पहिली गोष्ट, ऑइल लगेच काळं होतं. बदलून कागलला जाऊन आलं की डिपस्टिक काळीच. त्याने घाबरू नका, डिझेलची काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. खप फार कमी आहे. मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो असं लिहिलंय. माझी गाडी दोन सर्व्हिसच्या मध्ये त्याच्या जवळपासही पीत नाही. अर्थात यात ऑइलइतकाच वाटा इंजिनाच्या रिंगा ठीक असण्याचा आहे. डिपस्टिक बघायची ती गाडी सपाटीवर, गरम इंजिन बंद करून दोन-चार मिनिटं थांबून.

मायलेज वाढलं का? नाही. गाडी गप्प झाली का? तीही नाही, पीडीचा खडखडाट ऑइलने जात नाही आणि जो दुकानदार तसं सांगतो त्याच्याकडून काही घेऊ नका. जे बदललं ते फिल्टरमध्ये दिसतं. दर वेळी फिल्टर कापून चुंबक फिरवायचा हे मी आता स्वतः करते. नव्या कॅमनंतरच्या पहिल्या फिल्टरला थोडी लव लागली, नवे भाग एकमेकांना बसताना ती येतेच, म्हणून ते ऑइल लवकर काढलं. त्यानंतरचे कागद काळे आहेत पण स्वच्छ. मागच्या पावसाळ्यानंतर मिस्त्रींनी टॅपेट कव्हर काढून लोब दाखवले. कडा गोल, पृष्ठभाग गुळगुळीत, कुठेही नख अडकत नाही. या ऑइलबद्दल माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही आणि मला याहून मोठा नकोही.

आता उण्या बाजू. महाग आहे. बॅरलच्या १५डब्ल्यू-४० शी तुलना केली तर बिल बघून दचकायला होतं. पण कॅमचं काम करून घेतलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. त्या एका दुरुस्तीच्या पैशात कितीतरी वर्षांचं ऑइल आलं असतं. कोल्हापुरात दारात मिळत नाही, मागवून घ्यावं लागतं, म्हणून सर्व्हिसच्या आधी आठवडाभर सोय करून ठेवते. मागच्या लेबलची अक्षरं इतकी बारीक की आप्पांना ती भिंगाने वाचावी लागली. जी माहिती सगळ्यात महत्त्वाची, ती मोठ्या अक्षरात छापायला हवी. हे मी सगळ्याच ऑइल कंपन्यांना सांगेन.

लेबल वाचताना आणखी एक पारख ठेवा. काही डब्यांवर गाडीकंपनीचं अप्रूव्हल असतं, म्हणजे कंपनीने ते ऑइल तपासून मान्य केलंय. काहींवर 'या गाड्यांसाठी शिफारस' किंवा 'या दर्जाला पुरं पडतं' असं असतं. ते ऑइल बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं. जुन्या पीडीसाठी मी पहिल्या प्रकारावरच पैसे घालीन.

ऑइल घेताना दुकानात मला मॉलिब्डेनम अ‍ॅडिटिव्हची डबी घ्यायचाही आग्रह झाला. लिक्वी मोलीची सुरुवातच १९५७ साली त्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर झाली, त्यामुळे तो माल त्यांचा जुना आहे. मी घेतला नाही. ५०५ ०१ ची चाचणी डब्यातल्या ऑइलची झालीय, त्यात वरून काही ओतलेल्या मिश्रणाची नाही.

५डब्ल्यू-३० चालेल का, हेही लोक विचारतात. मागे ५०७ ०० असेल तर या १.९ पीडीला चालतं, फोक्सवॅगननेच तो पुढचा दर्जा म्हणून दिलाय. '३० म्हणजे पातळ' ही भीती तिथे लागू नाही, कारण ५०७ ०० च्या ऑइलला गरम असताना आणि चिरडलं जाताना ३.५ ची किमान जाडी (हे माप वेगळं, सेंटिस्टोक नाही) राखावीच लागते, सी३ ला असते तेवढीच. पण पेट्रोलच्या छोट्या गाड्यांसाठी येणारं साधं ५डब्ल्यू-३० वेगळं, त्यात ती जाडी २.९ पर्यंत खाली असू शकते. पुन्हा तेच: पुढचा आकडा एक, मागचे वेगळे. माझं इंजिन दोन लाखांच्या पुढे गेलंय आणि एप्रिल-मेच्या उन्हात हायवेला तासन् तास चालतं, म्हणून मी ४० वर राहिले.

ज्यांची गाडी नवी बीएस-६ डिझेल आहे, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, त्यांनी मात्र माझं वाचून हे ऑइल मागवू नये. त्या गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतः सहाशेच्या आसपास तापमानाला जाळून टाकते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती तशीच साठत जाते. बॅरलचं जास्त राखेचं ऑइल तिथे कॅम नाही, डीपीएफ बुजवतं, आणि डीपीएफ कॅमपेक्षा महाग. त्यांनी आपल्या मॅन्युअलमधला नंबर शोधावा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बहुतेक डीपीएफवाल्या डिझेलला ५०७ ०० लागतं आणि ते टॉप टेक ४१०० च्या डब्यावर नाही.

समजा आत्ताच कळलं की मागच्या सर्व्हिसला पीडीत चुकीचं ऑइल पडलंय. घाबरून टॅपेट कव्हर उघडायला लावू नका. एका भरण्यात इंजिन मरत नाही. ऑइल गरम असताना पूर्ण काढा, फिल्टर बदला, ड्रेन बोल्ट नवा लावा, योग्य ऑइल भरा आणि पुढचा बदल नेहमीपेक्षा लवकर करा. जुना फिल्टर मात्र फेकू नका, कापून बघा. लव दिसली तर मग कव्हर उघडायचं. आणि बिलावर ऑइलचं पूर्ण नाव, ग्रेड आणि नंबर लिहून घ्या. गॅरेजवाला लिहायला तयार नसेल तर डबा स्वतः विकत घेऊन जा, आपल्यासमोर सील फोडायला सांगा. मी आता तसंच करते. कुणाला राग येत नाही. आला तरी चालेल.

पाच लिटरचा डबा घ्या. या इंजिनाला फिल्टरसकट सव्वाचारच्या आसपास लागतं, नक्की किती ते डिपस्टिकवर बघून. उरलेलं डिकीत ठेवलं की टॉप-अपला तेच मिळतं, रस्त्यावरच्या पंपावर भलतं घ्यायची वेळ येत नाही. डबा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, झाकणाची रिंग आणि बॅच नंबर बघा, आणि रिकामा झाला की त्याला भोक पाडून मगच भंगारात द्या, म्हणजे तो भलत्या ऑइलने भरून पुन्हा दुकानात यायचा नाही. काढलेलं ऑइल मिस्त्रींच्या बॅरलमध्ये, तिथून रिसायकलवाला नेतो.

लॉराच्या २.० टीडीआयवाल्यांनी आधी आपलं इंजिन पीडी आहे की कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच पंपाचा दाब) ते तपासावं. २००९-१० च्या सुमारास ते बदललं आणि दोन्ही प्रकारच्या गाड्या रस्त्यावर आहेत. फॅबियात १.४ असेल तर पीडी, १.२ असेल तर कॉमन रेल. इंजिन कोड आरसी बुकावरच्या इंजिन नंबरच्या सुरुवातीला असतो. तो ऑइलवाल्याला सांगून मगच डबा मागवा.